गिझर किती अंशांवर ठेवावा : टाकीतले तापमान आणि अंगावरचे तापमान

जुळे सोलापुरातील एका भगिनींचा प्रश्न असा आहे. त्यांच्या घरी नुकताच १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर बसवला असून त्याच्या नॉबवर २५ ते ७५ असे आकडे आहेत. बसवणाऱ्याने ‘पाणी पुरले पाहिजे’ म्हणून नॉब ७५ वर ठेवून दिला, तर शेजारच्यांनी वीजबिलाच्या धास्तीने तो ४५ वर आणायला सांगितले. घरात पती-पत्नी, मधुमेह असलेल्या ७६ वर्षांच्या सासूबाई आणि अडीच वर्षांचा मुलगा अशी चार माणसे आहेत. पाणी काही दिवस नळाचे, तर काही दिवस बोअरचे वापरावे लागते. अशा घरात नॉब नेमका कोणत्या आकड्यावर ठेवावा?

गिझर बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी सोलापुरात २६ वर्षे करतो आहे आणि हा प्रश्न दर हिवाळ्यात मला निदान पन्नास घरांत विचारला जातो. थोडक्यात सांगायचे तर सर्वसाधारण घरासाठी टाकीतले पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवावे. आपल्या घरात मात्र लहान मूल आणि मधुमेही वृद्ध व्यक्ती असल्यामुळे त्या ६० अंशांना एक लगाम घालावा लागेल, आणि तो घालेपर्यंत नॉब ५० वर ठेवावा लागेल. ७५ आणि ४५ हे दोन्ही सल्ले माझ्या मते चुकीचे आहेत, आणि त्यांमागे गैरसमज एकच आहे : नॉबवरचा आकडा म्हणजे अंघोळीच्या पाण्याचे तापमान, असे दोघांनीही धरले आहे.

तो आकडा टाकीतल्या पाण्याचा असतो. अंगावर घ्यायचे पाणी ३८ ते ४१ अंशांचे असते. त्याहून गरम पाणी आपल्याला ‘कढत’ वाटते. आपल्या आज्या-पणज्यांना हा फरक कोणी समजावून सांगावा लागला नाही, कारण तांब्याच्या बंबातले पाणी तसेच अंगावर घेण्याची कोणाची छाती नव्हती. ते घंगाळात काढायचे, त्यात विसण, म्हणजे निववण्यापुरते थंड पाणी, घालायचे, हात बुडवून पाहायचे आणि मगच पहिला तांब्या अंगावर घ्यायचा, अशी रीत होती. गिझर हा विजेवर चालणारा बंबच आहे. फरक इतकाच की विसण घालण्याचे काम नळाच्या दोन चाव्यांकडे गेले आणि ते काम आहे, हेच आपण विसरलो.

आता पाणी पुरण्याचा हिशेब पाहू, कारण ७५ चा आग्रह तिथूनच येतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, पहाटे गच्चीवरच्या टाकीतले पाणी मी मोजले आहे तेव्हा ते २० अंशांच्या जवळपास भरले आहे. टाकीत १५ लिटर पाणी ६० अंशांचे असेल, तर त्यात तितकेच म्हणजे १५ लिटर थंड पाणी मिसळून ४० अंशांचे ३० लिटर पाणी मिळते. नॉब ५० वर असेल तर साडेबावीस लिटर मिळते, ४५ वर असेल तर जेमतेम पावणेएकोणीस लिटर, आणि ७५ वर असेल तर ४१ लिटर. हे कागदावरचे आकडे आहेत. गरम पाणी वरून बाहेर पडत असताना खालून थंड पाणी टाकीत शिरते आणि शेवटचे काही लिटर कोमट होऊन येतात, त्यामुळे प्रत्यक्षात चार-पाच लिटर कमीच धरावेत. आपल्याकडची अंघोळीची बादली १६ ते २० लिटरची असते. याचा अर्थ ६० अंशांवर एका माणसाची अंघोळ ऐसपैस होते आणि दुसऱ्यासाठी थोडे उरते. दोन अंघोळींच्या मध्ये गिझर दहा मिनिटे चालू ठेवला, तर २००० वॅटची कॉइल तेवढ्या वेळात आणखी १४ लिटर पाणी २० अंशांनी तापवू शकते. चार माणसांच्या घराला १५ लिटरचा गिझर असाच पुरवायचा असतो. ज्या घरात चौघांनाही सकाळी सात ते साडेसात याच वेळात शॉवर हवा आहे, तिथे २५ लिटरचा गिझर घ्यावा. लहान टाकीतले पाणी उकळत ठेवून मोठ्या टाकीचे काम करून घेऊ नये.

वीजबिलाचा हिशेब याच आकड्यांतून निघतो आणि तो बहुतेकांना अनपेक्षित वाटतो. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.७० युनिट वीज आणि २१ मिनिटे लागतात. ४५ वर नेण्यास सुमारे ०.४४ युनिट आणि १३ मिनिटे पुरतात. शेजारच्यांना यात बचत दिसली, पण त्यांनी पाणी मोजले नाही. अंगावर घ्यायचे ४० अंशांचे ३० लिटर पाणी हवे असेल, तर तेवढी उष्णता कोठून तरी आणावीच लागते, आणि ती ०.७० युनिटच भरते. मग १५ लिटर पाणी ६० पर्यंत तापवून त्यात थंड मिसळा, किंवा सगळे ३० लिटर ४० पर्यंत तापवा. ४५ वर ठेवलेला गिझर कमी वीज घेतो तो कमी पाणी देतो म्हणून. खरा फरक पडतो तो टाकी नुसती गरम राहिल्याने वाया जाणाऱ्या उष्णतेत. बाहेरची हवा २५ अंशांची असेल, तर ६० च्या टाकीचा बाहेरच्या हवेशी फरक ३५ अंशांचा असतो आणि ७५ च्या टाकीचा ५० अंशांचा. उष्णता त्याच प्रमाणात, म्हणजे जवळजवळ दीडपट वेगाने बाहेर जाते. गिझरवरच्या तारांकनाच्या पट्टीवर चोवीस तासांत किती युनिट असे नुसते झिरपून जातात तो आकडा छापलेला असतो, तो विकत घेताना अवश्य वाचावा. बिल कमी करायचे असेल तर नॉब दहा अंशांनी खाली आणण्यापेक्षा दिवसभर चालू राहणारे बटण बंद करणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. मी ज्या घरांत बिलाच्या तक्रारीवरून गेलो, त्यांतल्या निम्म्या घरांत गिझरचा लाल दिवा दुपारी बारा वाजताही उजळत-विझत होता.

भाजण्याचा विषय मात्र एका वाक्यात उरकता येत नाही. पाणी ६० अंशांचे असेल, तर मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत गंभीर भाजते. ५५ अंशांना साधारण अर्धे मिनिट लागते आणि ५० अंशांना पाच मिनिटांच्या आसपास. ७० च्या वर हा अवधी एका सेकंदाहूनही कमी असतो, म्हणजे हात मागे घेण्याइतकाही वेळ मिळत नाही. मुलांची कातडी पातळ असते, म्हणून त्यांच्यासाठी हे सारे अवधी आणखी आखूड धरावेत. या आकड्यांतली महत्त्वाची गोष्ट अशी की दहा अंशांच्या फरकाने मिनिटांचे सेकंद होतात. ५० अंशांचे पाणी अंगावर पडले, तर माणूस ओरडतो, मागे सरकतो आणि बहुधा वाचतो. ७५ अंशांच्या पाण्यात सरकण्याआधीच इजा झालेली असते.

आपल्या सासूबाईंना मधुमेह आहे, हे वाचून मला अशोक चौकाजवळच्या एका घरातला प्रसंग आठवला. तिथले आजोबा चाळीस वर्षे मागावर काम केलेले, पायांना गरम पाण्याचा शेक आवडणारे. रोजच्या सवयीने ते स्टुलावर बसले, पाय टबात सोडले आणि गरम नळ उघडला. पाणी जास्त गरम आहे हे त्यांना समजलेच नाही, कारण मधुमेहाने तळपायांची संवेदना गेली होती. नातवाला टबातून वाफ येताना दिसली म्हणून त्याने आरडाओरड केली. मी नंतर गिझर तपासायला गेलो तेव्हा तोटीखालच्या मगात ७१ अंश भरले. गिझरमध्ये काहीही बिघाड नव्हता. तो सांगितले तेवढेच काम करत होता. त्या दिवसापासून मधुमेही माणूस असलेल्या घरात मी स्वतः नॉब खाली आणल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि ‘पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नका, कोपराने घ्या’ असे बजावतो. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाया कोपर बुडवून पाहतात, त्यामागे हेच शहाणपण आहे : तळहात काम करून राठ झालेला असतो, कोपराच्या आतली कातडी खरे सांगते.

इतके वाचल्यावर कोणीही म्हणेल की मग ४५ च बरे. तसे नाही, आणि त्याचे कारण डोळ्यांना न दिसणारे आहे. लिजिओनेला नावाचे जिवाणू साठलेल्या पाण्यात राहतात आणि त्यांच्यामुळे न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या अधिवेशनात या आजाराची साथ आली आणि त्यानंतर या जिवाणूंचा शोध लागला. साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात ते वाढतात, ५० च्या वर त्यांची वाढ थांबून ते हळूहळू मरू लागतात आणि ६० अंशांना काही मिनिटे ते अर्धा तास एवढ्या अवधीत नष्ट होतात. साठवलेले गरम पाणी ६० अंशांवर ठेवावे, हा नियम त्यावरूनच आलेला आहे. हे पाणी प्यायल्याने सहसा हा आजार होत नाही. शॉवरच्या बारीक तुषारांतून जिवाणू श्वासावाटे फुप्फुसात गेल्याने होतो. त्यामुळे बादलीने अंघोळ करणाऱ्या घरांत धोका कमी, असे मी मानतो, आणि लोकांना उगाच घाबरवत नाही. परंतु वृद्ध माणसे, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांना तो इतरांपेक्षा अधिक असतो, आणि आपल्या घरात नेमकी अशी एक व्यक्ती आहे.

सोलापूरच्या परिस्थितीने यात भर पडते. उजनी धरणाचे पाणी आपल्या नळाला रोज येत नाही. काही दिवसांआड येते, म्हणून प्रत्येक घरात मोठी टाकी असते आणि पाणी तीत दिवसेंदिवस साठून राहते. क्लोरीन तोवर उडून जातो. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी ४० अंशांच्या घरात जाते, म्हणजे जिवाणूंना हवे तसे कोमट होते. पाण्याच्या टाकीला झाकण, वर्षातून निदान दोनदा तिची धुलाई आणि शक्य असल्यास तिच्यावर सावली, या गोष्टी गिझरच्या नॉबइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पण टाकी हा वेगळा विषय आहे, तो इथे वाढवत नाही.

तिसरा विचार बोअरच्या पाण्याचा, आणि सोलापुरात गिझर मरतात ते मुख्यतः याच कारणाने. पाणी जड असले की त्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट तापवल्यावर फुटते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे कॉइलवर बसतो. पाणी जितके अधिक तापवाल तितका हा थर जलद बसतो, आणि ६० च्या पुढे हा वेग विशेष जाणवतो. गेल्या वर्षी होटगी रस्त्यावरच्या एका बंगल्यात केवळ बोअरच्या पाण्यावर आणि नॉब कायम शेवटच्या टोकाला ठेवून चाललेला, तीन वर्षांचा गिझर मी उघडला. कॉइल बाहेर ओढता येईना, कारण ती बोटाएवढीची मनगटाएवढी झाली होती. पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर शेंगेच्या टरफलासारखे तुकडे गळून पडले आणि टाकीच्या तळातून तसाच दीड-दोन किलो चुरा निघाला. असा थर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे कॉइल आतल्या आत लाल होऊन जळते. ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या दांडीवरही तो चढला की तिला पाणी तापल्याचे उशिरा कळते, आणि मग नॉबवर ६० असताना टाकीत ७० होते. कटआऊट, म्हणजे पाणी फार तापले की वीज तोडणारा भाग, वारंवार उडू लागला तर बहुधा हेच घडत असते. अशा वेळी आतले रिसेटचे बटण पुन्हा पुन्हा दाबत राहू नये, झाकण उघडणाऱ्याला बोलवावे. बोअरचे पाणी वापरत असाल तर दर वर्षी दिवाळीपूर्वी कॉइल साफ करून घ्यावी आणि त्याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड किती शिल्लक आहे ते पाहून घ्यावे. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच असतो, तो संपला की गंज टाकीला लागतो. आणि निवड करता येत असेल तर गिझरच्या टाकीला नळाचे पाणी जोडावे, बोअरचे धुण्या-भांड्यांना ठेवावे.

आता आपल्या घराची व्यवस्था सांगतो. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे टाकी ६० वर ठेवून गिझरमधून न्हाणीघराकडे जाणाऱ्या नळीवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवणे. ही झडप आपणहून थंड पाणी मिसळते आणि आपण ठरवलेल्या, म्हणजे ४२-४३ अंशांच्या वर पाणी तोटीपर्यंत येऊच देत नाही. विसण घालणारी आजी नळीत बसवल्यासारखेच ते आहे. मात्र दोन अडचणी आधीच सांगणे माझे कर्तव्य आहे. घर बैठे असेल आणि गच्चीवरची टाकी न्हाणीघराच्या अगदी डोक्यावर असेल, तर दाब कमी पडून काही झडपा नीट चालत नाहीत, म्हणून विकत घेण्यापूर्वी तिला किती दाब लागतो ते वाचून घ्यावे. दुसरे म्हणजे जड पाण्याने तिची जाळी तुंबते आणि झडप अडकते. वर्षातून एकदा ती साफ करावी लागते.

झडप बसेपर्यंत नॉब ५० वर ठेवावा. एका वेळी एक बादली पाणी मिळेल, दोन अंघोळींत पंधरा मिनिटांचे अंतर ठेवावे लागेल, परंतु चुकून मुलाने चावी फिरवली तरी त्याला उचलून घ्यायला वेळ मिळेल. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी, रविवारी दुपारी म्हणा, न्हाणीघराचे दार लावून नॉब ६५ वर न्यावा, दिवा विझल्यावर पाणी अर्धा तास तसेच राहू द्यावे, मग शॉवरमधून एक-दोन मिनिटे ते गरम पाणी जाऊ द्यावे आणि त्या वेळी खिडकी उघडी ठेवून स्वतः बाहेर थांबावे. त्यानंतर नॉब परत ५० वर आणावा. हे काम मोठ्या माणसानेच करावे आणि तोवर कोणालाही अंघोळीला जाऊ देऊ नये. बादली भरताना आधी थंड पाणी आणि मग गरम, हा क्रम घरातल्या सर्वांनी, मोलकरणीनेसुद्धा, पाळावा. नुसत्या गरम पाण्याची अर्धी बादली जमिनीवर ठेवून विसण आणायला वळणे, ही अडीच वर्षांच्या मुलाच्या घरातली सर्वांत धोक्याची दहा सेकंदे आहेत.

नॉबवरच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पाच-सात अंशांचा फरक मी नव्या गिझरमध्येही पाहिला आहे. दिवा विझेपर्यंत गिझर तापू द्यावा, बटण बंद करावे, गरम नळ उघडून नळीतले गार झालेले पहिले एक-दोन मग सोडून द्यावेत आणि मग स्टीलच्या तांब्यात पाणी घेऊन लगेच स्वयंपाकाचा प्रोब थर्मामीटर त्यात बुडवावा. तापाचा थर्मामीटर वापरू नये, तो ४२ अंशांपर्यंतच असतो आणि पाऱ्याचा असेल तर फुटेल. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर नॉब थोडा फिरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, आणि ५० अंश जिथे येतात तिथे नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवावा. ज्या गिझरला बाहेर नॉब नसतो, त्याचा थर्मोस्टॅट झाकणाच्या आत असतो व तो कारखान्यातून बहुधा ६० च्या आसपास लावलेला येतो. तो घरच्या घरी पेचकस घेऊन फिरवू नये.

जाता जाता आणखी काही गोष्टी. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की त्याचे आकारमान जवळजवळ पाव लिटरने वाढते, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब गळाले तर तो दोष समजू नये आणि त्या तोंडाला बूच तर कधीही मारू नये. गरम पाण्याची नळी साध्या पीव्हीसीची असेल तर ती ६० अंशांना मऊ पडते, तिथे सीपीव्हीसी हवी. गिझरला स्वतंत्र १६ अँपिअरचा प्लग, खरे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा, आणि तरीही अंघोळीपूर्वी बटण बंद करण्याची जुनी सवय मोडू नये. पुढेमागे सौर बंब बसवलात, तर त्याला नॉब नसतो आणि आपल्याकडच्या उन्हात त्याचे पाणी ७० च्या वर सहज जाते. तिथे मिक्सिंग व्हॉल्व्ह ऐच्छिक राहत नाही.

मार्चअखेरीस आपण गिझर बंद कराल, कारण मग गच्चीवरच्या टाकीचेच पाणी अंगाला चटके देऊ लागते. त्या वेळी गिझरचा पुरवठा बंद करून त्याची टाकी रिकामी करून ठेवावी. पावसाळ्यात किंवा ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा सुरू करताना आधी टाकी पूर्ण भरून गरम नळातून पाण्याची अखंड धार येते का ते पाहावे, मगच बटण लावावे, नाहीतर कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते. पहिली टाकी ६५ अंशांपर्यंत तापवून अर्ध्या तासाने सगळी सोडून द्यावी. अंघोळ दुसऱ्या टाकीच्या पाण्याने करावी.